लिंकिंग

गावाकडच्या घरात पोटमाळ्यावर बाटल्यांची एक रांग आहे. पंधरा-वीस तरी असतील. काहींची लेबलं उंदरांनी कुरतडलीत, काहींच्या बुचाचं सील अजून तसंच आहे. सूक्ष्म अन्नद्रव्यं, पिकाच्या वाढीची कसलीशी टॉनिकं, कोपऱ्यात पाण्यात विरघळणाऱ्या खताच्या दोन पिशव्या, आता दगडासारख्या घट्ट झालेल्या. यातली एकही वस्तू अण्णांनी मागून आणलेली नाही. हंगामात युरियाची ओढाताण असते. दुकानात गेलं की सांगतात, युरिया आहे, पण चार पोत्यांमागं ही एक बाटली घ्यावी लागेल, आम्हालाही वरून तसंच येतं. तासगावच काय, महाराष्ट्रात कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, याला काय म्हणतात ते तो सांगेल. लिंकिंग. अण्णा सातवी शिकलेले. मोजके इंग्रजी शब्द वापरतात, त्यातला हा एक, आणि तो उच्चारताना त्यांच्या कपाळावर आठी येते.

तो शब्द त्यांनी पुण्यात, एका लॅपटॉपच्या दुकानात काढला, तेव्हा मी चमकले.

झालं असं की मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी अण्णा माझ्याकडं आले होते. तपासणी होऊन काळा चष्मा सुटला होता, घरात बसून कंटाळले होते. माझा जुना लॅपटॉप नऊ वर्षं चालून थकला होता. बिजागरी तुटलेली, पडद्यावर उभ्या रेघा, आणि भाषांतराचं एक मोठं काम पुढ्यात. म्हटलं, चला अण्णा, दुकानात जाऊन येऊ.

काउंटरवरच्या मुलानं चार-पाच लॅपटॉप उघडून दाखवले. त्यातला एक मला आवडला. पडदा डोळ्यांना बरा, की-बोर्ड खोल, वजन बेताचं. मी विचारलं, "हाच विंडोजशिवाय मिळेल का?"

"विंडोजशिवाय चालणार कसा मॅडम?"

"मी लिनक्स वापरते. विंडोजच्या जागी चालतं ते, संगणक चालवणारी दुसरी प्रणाली, मुक्त आणि फुकट. ते माझं मी घालीन."

"मग हाच घ्या ना. नको असेल तर विंडोज काढून टाका."

"काढीनच. पण त्याचे पैसे कमी होतील का?"

"पैसे वेगळे नाहीतच मॅडम. विंडोज याच्यात फ्री आहे."

अण्णा स्टुलावर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "फुकट हाय तर मग न्हाई दिलं तरी चालंल की. काढून द्या."

"काका, ते कंपनीतूनच येतं. आमच्या हातात नाही."

अण्णा माझ्याकडं वळले. "लिंकिंग हाय गं ह्ये."

बारा वर्षं मी लिनक्स वापरते आहे. या विषयावर लोकांशी किती वाद घातले असतील, त्याची गणती नाही. पण जे मला पानभर लिहूनही नीट सांगता आलं नव्हतं, ते अण्णांनी चार शब्दांत सांगितलं. एक गोष्ट हवी असेल तर दुसरी घ्यावीच लागेल, आणि दुसरीचे पैसे कुठं गेले ते विचारायचं नाही.

त्यातला 'विचारायचं नाही' हा भाग मला जास्त खुपतो. विंडोज फुकट नसतं. लॅपटॉप बनवणारी कंपनी प्रत्येक प्रतीमागं मायक्रोसॉफ्टला परवान्याचे पैसे मोजते. मोठ्या कंपन्यांना ते घाऊक भावानं पडतं, दुकानातल्या खोक्याच्या किमतीहून पुष्कळ कमी. शिवाय चाचणीपुरती दिलेली अँटिव्हायरसं आणि बाकीचा भरणा लॅपटॉपवर आधीच घातलेला असतो, त्याचे पैसे उलट कंपनीला मिळतात. म्हणजे हिशेब आहे, आणि तो कुणीतरी पैशापैशाचा करतं. फक्त तो माझ्या बिलावर नसतो. बिलावर एक ओळ, एक आकडा. घरी आल्यावर अण्णांनी हे बोलून दाखवलं. "आमच्या बिलात बाटलीची किंमत तरी लिवल्याली आसती. बाटली हातात येती. तुजी बाटली दिसतच न्हाई."

दिसत नाही, आणि फोडून फेकताही येत नाही. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं, तेव्हापासून परवान्याची किल्ली लॅपटॉपच्या मदरबोर्डवरच्या चिपमध्ये लिहून येते. मी हार्ड डिस्क कोरी करकरीत पुसली तरी ती किल्ली तिथंच राहते. पाहुणा घराबाहेर काढला तरी रेशनकार्डावर त्याचं नाव कायम, तसं.

हे असं का झालं, याच्या मुळाशी जायला मला फार आवडतं, म्हणून थोडं मागं जाते. मायक्रोसॉफ्टचे संगणक कंपन्यांशी एके काळी असे करार असत की ठरावीक प्रोसेसरचे जेवढे संगणक विकाल, त्या प्रत्येकामागं आम्हाला पैसे द्या. संगणकावर आमची प्रणाली घाला नाहीतर दुसऱ्या कुणाची घाला, आमचे पैसे द्यायचेच. आता कुठली कंपनी दुसऱ्याची प्रणाली घालील? त्या ग्राहकामागं तिला दोनदा पैसे मोजावे लागणार. अमेरिकेच्या न्याय खात्यानं १५ जुलै १९९४ रोजी याविरुद्ध फिर्याद दाखल केली आणि त्याच दिवशी तडजोड मांडली. मायक्रोसॉफ्टनं असे करार बंद करायचं कबूल केलं. कागदावर ते थांबलं. पण तोवर सवय लागून गेली होती. कंपन्यांना, दुकानदारांना, ग्राहकांना, शिकवणी वर्गांनाही. संगणक म्हटलं की तो चालू करताच एकच चित्र समोर यायचं, हे लोकांच्या अंगवळणी पडलं होतं. सवय करारापेक्षा जास्त टिकते, हे मी घरात, शेतात आणि कार्यालयात, तिन्हीकडं पाहिलं आहे.

पुढं १५ फेब्रुवारी १९९९ ला कॅलिफोर्नियात काही लिनक्सवाले आपापल्या संगणकांवरचं न वापरलेलं विंडोज घेऊन फॉस्टर सिटीतल्या मायक्रोसॉफ्टच्या कार्यालयावर गेले. परवान्याच्या मजकुरातच लिहिलं होतं की अटी मान्य नसतील तर न वापरलेलं परत करा आणि पैशांसाठी संगणक बनवणाऱ्याकडं जा. त्याआधी ऑस्ट्रेलियातल्या एका ग्राहकानं याच मजकुराच्या जोरावर संगणक कंपनीकडून पैसे परत मिळवले होते, आणि त्यामुळं सगळ्यांना हुरूप आला होता. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं पडलं, संगणक ज्यांनी विकला त्यांना विचारा. आणि विकणारे म्हणत, ही गोष्ट मायक्रोसॉफ्टची आहे. तालुक्याला गेलं की तलाठ्याकडं जा म्हणतात आणि तलाठी तालुक्याला पाठवतो, तशी ती फेरी.

मी स्वतः ही फेरी केली आहे. जुना लॅपटॉप घेतला तेव्हा पहिल्यांदा चालू केल्यावर अटींचं पान आलं, ते मी शेवटपर्यंत वाचलं. त्यात तेच वाक्य होतं. मी 'मान्य' दाबलं नाही. लॅपटॉप कंपनीला ईमेल लिहिली. पहिलं उत्तर आलं की आपली तक्रार योग्य विभागाकडं पाठवली आहे. दुसरं उत्तर तीन आठवड्यांनी आलं: विंडोज आणि लॅपटॉप हे एकच उत्पादन आहे, नको असेल तर संपूर्ण लॅपटॉप परत करा. मला कामाला लॅपटॉप हवा होता. परत कसा करणार? कंपनीलाही ते ठाऊक होतं. अण्णांनी युरिया दुकानात सोडून यावं, असं म्हणण्यासारखंच ते. पेरणी झालेली असताना कोण सोडून येईल?

इटलीत मात्र एकानं चिकाटी सोडली नाही. त्यानं २०१८ मध्ये लेनोवोचा लॅपटॉप घेतला, विंडोज नाकारलं, आणि ४२ युरो परत मिळावेत म्हणून न्यायालयात गेला. २०२० मध्ये निकाल त्याच्या बाजूनं लागला. कंपनी अपिलात गेली. मोंझाच्या न्यायालयानं अपील तर फेटाळलंच, वर त्याला २०,००० युरो नुकसानभरपाई द्यायला सांगितली. ४२ युरोसाठी एवढी मोठी कंपनी अपिलात का गेली असेल, हा प्रश्न मी बरेच दिवस मनात घोळवला. ४२ युरोची भीती तिला नसणार. बेचाळीसाच्या मागं उभ्या राहणाऱ्या रांगेची असेल.

तरी खोटी आशा दाखवायला नको. त्याआधी, ७ सप्टेंबर २०१६ ला, युरोपीय न्यायालयानं एका फ्रेंच ग्राहकाविरुद्ध कौल दिला होता. त्यानं सोनीचा लॅपटॉप घेतला होता आणि आत घातलेल्या सॉफ्टवेअरचे पैसे परत मागितले होते. न्यायालय म्हणालं की ग्राहकाला आधी नीट कल्पना दिली असेल, आणि बहुतेक ग्राहकांना तयार संगणकच हवा असेल, तर अशी एकत्र विक्री एवढ्यावरूनच अनुचित ठरत नाही. प्रत्येक प्रोग्रामची किंमत वेगळी न सांगणं म्हणजे फसवणूक, हेही त्यानं मान्य केलं नाही. मला तो निकाल वाचून वाईट वाटलं. बहुतेकांना हवं म्हणून उरलेल्यांनी निमूट पैसे द्यावेत, हे मला पटत नाही. बहुतेकांना सुटं मिळालंच नसेल, तर त्यांना काय हवं ते कळणार कसं?

आपल्याकडचा कायदा मी त्या संध्याकाळी अण्णांना वाचून दाखवला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४१) मध्ये व्यापारातल्या निर्बंधक प्रथांची व्याख्या आहे. एक वस्तू द्यायची तर आधी दुसरी वस्तू घेतलीच पाहिजे अशी अट घालणं, हे त्यात स्पष्ट येतं. २००२ च्या स्पर्धा कायद्यातही अशा जोडविक्रीचा उल्लेख आहे. अण्णांनी मला थांबवलं. "पुन्यांदा वाच." मी वाचलं. "सोप्या मराठीत लिहून दे मला. मोठ्या अक्षरात." मी हो म्हटलं आणि कामाच्या रगाड्यात ते मागं पडलं.

दुकानातल्या मुलानं एक मुद्दा मांडला होता, त्याला उत्तर द्यायलाच हवं. तो म्हणाला, "गाडी घेताना टायर नको म्हणता का मॅडम?" प्रश्न साधा आहे आणि बऱ्याच शहाण्या लोकांनी मला विचारलेला आहे. टायरशिवाय गाडी कारखान्यातून बाहेरच पडत नाही. पण तीच कंपनी तोच लॅपटॉप काही मॉडेलांत विंडोजशिवाय विकते. त्याच कारखान्यात, त्याच पट्ट्यावर. दुकानदार त्याला 'डॉसवाला' म्हणतात. म्हणजे सुटं करता येतं. येतं, आणि करतातही, फक्त सगळ्या मॉडेलांत करत नाहीत. डॉसवाले बहुतेक खालच्या पायरीवरचे असतात: पडदा फिका, मेमरी कमी. चांगला पडदा हवा असेल तर बाटली घ्या.

डॉसवाल्यांच्या नावातल्या 'डॉस'ची गोष्ट मला फार प्रिय आहे. हे मायक्रोसॉफ्टचं डॉस, म्हणजे विंडोजच्या आधीची त्यांची प्रणाली, नव्हे. मायक्रोसॉफ्ट आपलं डॉस गुंडाळणार अशी चिन्हं दिसू लागली, तेव्हा विस्कॉन्सिनमध्ये शिकणाऱ्या जिम हॉल नावाच्या विद्यार्थ्यानं २९ जून १९९४ ला जाहीर केलं की आपण मिळून एक मुक्त डॉस लिहू. वर सांगितलेली ती फिर्याद दाखल व्हायला तेव्हा जेमतेम दोन आठवडे उरले होते. लोक जमत गेले, आणि २००६ मध्ये फ्रीडॉसची १.० आवृत्ती आली. आपलं आवडतं साधन कुणाच्या मर्जीनं बंद पडू नये म्हणून मुलांनी लिहिलेला तो प्रोग्राम. आज तो आपल्याकडच्या लॅपटॉपमध्ये जागा भरायला घातलेला असतो, बिलावर प्रणाली म्हणून काहीतरी लिहायला हवं म्हणून.

दुसऱ्या दुकानात तसा एक मिळाला. रस्त्याच्या आतल्या बाजूला, जिना चढून वर. पडदा मला हवा तसा, मेमरी कमी होती पण वाढवता येणारी. विंडोजवाल्या जुळ्या मॉडेलपेक्षा साडेचार हजारांनी स्वस्त. मालक मोकळ्या मनाचा माणूस होता. मी पैसे देत असताना म्हणाला, "ताई, विंडोज मारून देऊ? पाचशे द्या. ऑफिससकट." मारून म्हणजे परवान्याशिवाय, चोरून घातलेलं. मी नको म्हटलं. त्यानं आश्चर्यानं पाहिलं. "डॉसवाला नेणारे सगळे मारूनच नेतात."

त्याचा मला राग आला नाही. पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात होतं. लिंकिंगमधून सुटायची वाट निघाली, आणि त्या वाटेनं लोक पुन्हा त्याच दारात पोचतात, फक्त या वेळी चोरपावलांनी. ज्याला विंडोज हवं आहे त्यानं रीतसर पैसे देऊन घ्यावं, अगदी आनंदानं घ्यावं. त्यात मला काही वावगं वाटत नाही. ज्याला नको त्याच्यावर ते लादू नये, आणि ज्याला हवं त्यानं चोरू नये. या दोन्ही गोष्टी मी एकाच दमात म्हणते, आणि लोकांना त्यातली एकच ऐकू येते.

मला लिनक्सच का हवं, हे अण्णांनी त्या रात्री विचारलं. बारा वर्षांत पहिल्यांदाच.

मी त्यांना अप्पा बळवंत चौकातल्या माझ्या पहिल्या नोकरीबद्दल सांगितलं. मी डीटीपी करायचे, प्रकाशकांची पुस्तकं जुळवायचे. मराठी टंकनाचं जे पॅकेज होतं त्याला संगणकाच्या मागं एक लॉक खोचावं लागे. ते छोटं यंत्र नसेल तर एक अक्षर उमटायचं नाही. कार्यालयात संगणक तीन आणि लॉक एक. त्यामुळं मराठी एका वेळी एकाच संगणकावर. बाकी दोघींनी तोवर प्रुफं वाचायची. शिवाय त्या फॉन्टमध्ये जुळवलेली फाइल दुसरीकडं उघडली की अक्षरांऐवजी नुसती किडकी चिन्हं. एका लेखकाच्या कादंबरीची फाइल आमच्याकडं अशीच पडून होती. फॉन्ट बदलला, पॅकेज बदललं, आणि चारशे पानं पुन्हा बोटांनी बडवावी लागली. आपलीच भाषा, आपलेच शब्द, आणि कुलूप दुसऱ्याचं. तेव्हा मला राग येत नसे, कारण दुसरं काही असतं हेच माहीत नव्हतं.

मग युनिकोड आलं, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक. लिनक्सवर देवनागरीसाठी लोहित नावाचा फॉन्ट २००४ पासून मुक्तपणे मिळू लागला. लोहित म्हणजे तांबडा; तो रेड हॅट कंपनीनं काढला होता, म्हणून तसं नाव. पुढं मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेनं मुक्ता नावाचा फॉन्ट काढला, तोही कुणीही वापरावा असा. मी इन्स्क्रिप्ट शिकले, भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली की-बोर्डची मांडणी. ऱ, त्याला हलन्त, मग य दाबला की 'वाऱ्यावर'मधला तो अर्धा कमानदार र जसाच्या तसा उमटला, त्या दिवशी मी खुर्चीतून उठून चहा करायला गेले आणि एकटीच हसत उभी राहिले. त्या अर्ध्या र साठी आम्ही जुन्या फॉन्टमध्ये काय काय खटाटोप केले होते! कुणी पैसे मागितले नाहीत, कुणी लॉक दिलं नाही. ज्यांनी हे केलं, त्यातल्या बहुतेकांची नावंही मला माहीत नाहीत. म्हणून मी दर वर्षी लिनक्सच्या मराठी भाषांतरातल्या चुका दिसतील तशा कळवते. माझ्याकडून एवढंच होतं.

अण्णा ऐकत होते. मी नवा लॅपटॉप उघडला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, फ्रीडॉसची. मी पेनड्राइव्ह लावून डेबियन, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, सुरू केलं. पहिल्याच पानावर भाषांची यादी येते, प्रत्येक भाषा आपापल्या लिपीत. मी हळूहळू खाली सरकवत गेले. "थांब," अण्णा म्हणाले. त्यांना 'मराठी' दिसलं होतं. नव्या डोळ्यानं, चष्म्याशिवाय. मी तेच निवडलं. पुढचे प्रश्न ते मोठ्यानं वाचत राहिले आणि मी उत्तरं देत राहिले. डिस्कची विभागणी आली तेव्हा म्हणाले, "वाटणी करायची हाय का?" मी म्हटलं, नाही, सगळं एकाच्याच नावावर.

वायफाय आधी लागलं नाही. डेबियनच्या २०२३ मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून बहुतेक यंत्रांची फर्मवेअर, म्हणजे ती यंत्रं चालवायला लागणाऱ्या फाइली, बरोबरच येतात, पण या लॅपटॉपची वायफाय चिप नवीन होती. मग फोन केबलनं जोडला, त्याचं इंटरनेट लॅपटॉपला दिलं, लागणारी फाइल उतरवली, पुन्हा सुरू केलं. अर्धा तास गेला. हे मी लपवत नाही. सुटं घेतलं की जुळवायची जबाबदारी आपली असते, आणि ज्याला तेवढा वेळ नाही त्याला मी हे घ्याच असं कधी म्हणत नाही.

रात्री अकराला पहिली फाइल लिहिली. अण्णांना कबूल केलेला मजकूर, मुक्ता फॉन्टमध्ये, २२ आकारात. कायद्याचं नाव, कलम, आणि त्याचा सोप्या मराठीत अर्थ. खाली एक वाक्य, खताच्या लिंकिंगवर कारवाई होते असं कृषी विभागच सांगतो. सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याची प्रिंट काढली. अण्णांनी चार घड्या घालून ती खिशात ठेवली आणि दुपारच्या गाडीनं गावी गेले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. युरिया आणायला गेले होते. दुकानदारानं बाटली पुढं केली, तेव्हा कागद काढून काउंटरवर ठेवला. त्यानं वाचला, यांच्याकडं पाहिलं, म्हणाला, अण्णा, तुमचं आणि आमचं काय असं आहे का.

"मग?" मी विचारलं.

"तीन पोती दिली. बाटलीबिगर."

"आणि चौथं?"

"संपलं म्हनला." थोडं थांबून ते म्हणाले, "माज्या मागं सावंताचा पोरगा हुता. त्याला चार दिली. बाटलीसकट." मग म्हणाले, "त्यो कागद त्या पोरानं मागून घेतलाय. दुसरा पाठव."